पाया दिसला की राइड कळते

३१ डिसेंबर २०२५ ला सौदी अरेबियात, रियाधजवळच्या किद्दिया इथे, 'फाल्कन्स फ्लाइट' नावाचा रोलर कोस्टर सुरू झाला. उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किलोमीटर, लांबी सव्वाचार किलोमीटर. आपण बातमी वाचली, 'बापरे' म्हटलं आणि पान उलटलं. पण जगभर रोलर कोस्टरचा नाद लागलेली एक जमात आहे, आणि तिला या आकड्यांत काहीच नवीन नव्हतं. वाळवंटातल्या त्या खांबांचे फोटो ही मंडळी कितीतरी आधीपासून मोठे करकरून बघत होती. कुठे चढण, कुठे कड्यावरून खाली झेप, कुठे मोटरींचा जोर, यावर त्यांच्या चर्चा झडून गेल्या होत्या.

नवा कोस्टर कुठेही बांधायला घेतला की हे होतंच. चिखलात ओतलेल्या चार काँक्रीटच्या ठोकळ्यांचा फोटो येतो आणि तासाभरात कोणीतरी ठासून सांगतं, इथे गाडी उलटी होणार, इथे माणसं सीटवरून उचलली जाणार, बनवणारी कंपनी अमुक. बाहेरच्या माणसाला वाटतं, या सगळ्या वावड्या.

तशा त्या नसतात. शेजारच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं की सोसायटीतले एखादे काका गॅलरीतून कॉलम मोजतात, सळईची जाडी बघतात आणि 'सात मजले, खाली पार्किंग' असं सांगून मोकळे होतात. काकांना भविष्य कळत नसतं. बांधकामाला लपता येत नाही, एवढंच. माझं म्हणणं असं, की कोस्टरवेड्यांनी आकाराबद्दल केलेले अंदाज गांभीर्याने घ्यावेत. तारखेबद्दलचे मात्र मुळीच घेऊ नयेत. ते का, हे बघायला इंग्लंडमधला एक कोस्टर बरा आहे, कारण त्याचं सगळं चारचौघांत घडलं.

कागद सरकारदरबारी जातो तेव्हाच गुपित फुटतं

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात, थॉर्प पार्क आहे. जुन्या खडीच्या खाणीत पाणी भरून झालेल्या तळ्यांमध्ये ते वसलंय. तिथे 'लॉगर्स लीप' ही ओंडक्यातून पाण्यात घसरण्याची जुनी राइड होती, ती २०१५ मध्ये बंद झाली. त्या जागी काहीतरी मोठं येणार अशी कुजबुज पुढे बरीच वर्षं चालू होती. मग पार्कने रनिमीड या स्थानिक कौन्सिलकडे बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज केला. कामचलाऊ नाव होतं 'प्रोजेक्ट एक्सोडस'.

ब्रिटनमध्ये असा अर्ज आला की त्याची कागदपत्रं लोकांना बघायला खुली असतात. शेजाऱ्यांना हरकत घेता यावी, हा त्यामागचा उद्देश. जागा लंडनभोवतीच्या हरित पट्ट्यात आणि पुराच्या क्षेत्रात, त्यामुळे अर्जाला भरपूर पुरवण्या. बाजूने, समोरून, वरून काढलेले आराखडे; आवाजाचा अहवाल; पुराचा अहवाल; झाडांची नोंद; लांबून ही वास्तू कशी दिसेल त्याची चित्रं. कौन्सिलच्या अधिकाऱ्यांखालोखाल हे कागद कोणी पानन् पान वाचले असतील, तर ते या हौशी मंडळींनी. उंची २३६ फूट, म्हणजे सुमारे ७२ मीटर, हे त्यातूनच बाहेर आलं. राइडचं 'हायपेरिया' हे नाव पार्कने जाहीर केलं, तोवर बहुतेकांना तिची वळणं पाठ झाली होती.

अमेरिकेत वाट वेगळी, पण मुक्काम तोच. तिथे जमिनीपासून २०० फुटांपेक्षा उंच काहीही उभारायचं असेल, तर विमान वाहतूक खात्याला बांधकामाच्या किमान ४५ दिवस आधी कळवावं लागतं. वैमानिकांच्या सुरक्षेसाठीचा हा नियम. ती नोंद कोणालाही शोधता येते. एखाद्या थीम पार्कच्या पत्त्यावर अचानक तीनशे फुटी वास्तूचा अर्ज दिसला, तर ती पाण्याची टाकी नसणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. राइडच्या नावाचंही तसंच. पार्क ते ट्रेडमार्क म्हणून आधी नोंदवतं, आणि ती नोंदवहीही उघडीच असते.

उंचीचा एक बारीक मामला इथे सांगायलाच हवा. हायपेरियाच्या आधी ब्रिटनमधला सर्वांत उंच कोस्टर होता ब्लॅकपूलचा 'बिग वन', १९९४ चा. जमिनीपासून तो २१३ फूट. समुद्रसपाटीपासून मोजला तर मात्र २३५. आणि हायपेरिया २३६! हा योगायोग आहे की मुद्दाम काढलेलं माप, यावर कोस्टरवाल्यांनी किती वेळ घालवला असेल याची कल्पना करा.

उंचीवरून वेग: आठवीचं गणित

साध्या कोस्टरला इंजिन नसतं. साखळी गाडीला एकदाच माथ्यावर ओढून नेते. तिथून पुढे सगळा खेळ उतरण्याचा. वर चढताना साठलेली ऊर्जा उतरताना वेगात बदलते. म्हणजे माथ्याची उंची कळली की तळाचा वेग काढता येतो. वेगाचा वर्ग म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले उंची. गाडीचं वजन या सूत्रात कुठेच येत नाही. रिकामी असो की भरलेली, हिशोब तोच.

हायपेरियासाठी ७२ मीटर घालून बघा. वर्गमूळ येतं सेकंदाला साधारण ३७.६ मीटर, म्हणजे ताशी १३५ किलोमीटर. प्रत्यक्षात तिचा वेग आहे ताशी ८१ मैल, म्हणजे १३० किलोमीटर. मधला फरक चाकांचं घर्षण, हवेचा विरोध, आणि उतार अगदी जमिनीला टेकत नाही, या तिघांनी खाल्ला. एका आराखड्यावरून, पाटी-पेन्सिलीने, कोणीही इतक्या जवळ जाऊ शकतं. ('ब्रिटनमधला सर्वांत वेगवान' हा मान मात्र काठावर मिळाला. त्याच पार्कमधला २००६ चा 'स्टेल्थ' ताशी ८० मैलांनी धावतो. फरक फक्त एका मैलाचा.)

आता हेच सूत्र फाल्कन्स फ्लाइटला लावा. १९५ मीटरवरून वेग येतो ताशी २२२ किलोमीटरच्या आसपास. जाहीर केलेला वेग २५०. घर्षणाने वेग कमी व्हायला हवा, इथे तो जास्त आहे. म्हणजे नुसत्या उतारावर हे होणं शक्य नाही, गाडीला वाटेत कोणीतरी ढकलतंय. ते काम रुळांलगत बसवलेल्या विद्युतचुंबकीय मोटरी करतात. अशा ढकलण्याला कोस्टरच्या भाषेत 'लाँच' म्हणतात. आकडे जुळत नसले की लाँच शोधायचा, ही या मंडळींची पहिली सवय.

ठोकळे बोलतात

बांधकामाच्या फोटोत सगळ्यात आधी दिसतात ते पाये. हौशी लोक त्यांना 'फूटर' म्हणतात. जमिनीतून वर आलेला काँक्रीटचा ठोकळा आणि त्यातून डोकावणारे बोल्ट. त्यात वाचण्यासारखं काय?

आधी 'जी' समजून घेऊ. आपण शांत उभे असतो तेव्हा जमीन आपल्याला जेवढी दाबते, तो एक जी. कोस्टर खोल दरीच्या तळाशी वर वळतो तेव्हा तोच दाब तीन-चार जी होतो, अंग जड होतं. टेकाडाच्या माथ्यावरून गाडी झपकन खाली वळली की उलटं. दाब शून्याच्या खाली जातो आणि माणूस सीटवरून उचलला जातो. या उचलण्याला 'एअरटाइम' म्हणतात. खऱ्या शौकिनांना उलट्यापालट्या फेऱ्यांपेक्षा याचंच वेड जास्त.

आपल्या अंगाला जो दाब कळतो, तोच रुळांवर पडतो, रुळांतून खांबांवर आणि खांबांतून पायावर. त्यामुळे दरीच्या तळाशी पाये जाड आणि एकमेकांना चिकटून येतात. वळणावर खांब तिरके लागतात, म्हणून बोल्टही तिरके. हलक्या सरळ भागात ठोकळे लहान आणि लांबलांब. पायांची रांग बघून वळण कुठल्या दिशेला झुकलंय आणि गाडी तिथे जोरात आहे की रमतगमत, हे बऱ्यापैकी कळतं.

एअरटाइमच्या माथ्यावर तर गाडी रूळ सोडून उडायलाच बघते. तिला धरून ठेवायला रुळाच्या खालच्या बाजूने आणखी एक चाक असतं. या खालच्या चाकाचं पेटंट अमेरिकन रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ मध्ये घेतलं. आजचे सगळे अंगावर येणारे कोस्टर त्या एका चाकावर उभे आहेत. मला विचाराल तर या धंद्यातला सर्वांत मोठा शोध हाच. उंचीचे विक्रम त्यापुढे किरकोळ.

पण आकार तर काहीही असू शकतो ना?

रास्त शंका. चार ठोकळ्यांमधून हजार आकार काढता येतील. पण माणसाचं शरीर त्यातले बहुतेक बाद करतं. जुन्या काळी पूर्ण गोल फिरवणाऱ्या राइड बांधल्या गेल्या, तेव्हा तळाशी मानेला जबर हिसका बसायचा. कारण सपाट रुळावरून गोलात शिरताना जोर एकदम वाढतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनवर 'रेव्होल्यूशन' सुरू झाला. रचना जर्मनीच्या अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर स्टेंगेल यांची. त्यांनी गोलाऐवजी थेंबाच्या आकाराची उभी फेरी बांधली, तळाशी पसरट आणि माथ्यावर घट्ट. जोर हळूहळू वाढतो आणि मान शाबूत राहते.

तेव्हापासून गंभीर रचनाकार शुद्ध गोलाच्या वाटेला जात नाहीत. म्हणजेच अंदाज बांधणाऱ्याला हजार आकारांतून निवड करायचीच नसते. उंची ठाऊक, वेग ठाऊक, शरीर किती सहन करतं ते ठाऊक, जागेच्या हद्दी ठाऊक. शिल्लक राहतात जेमतेम मूठभर आकार. त्यातला एक निवडायला गेल्या दहा-वीस वर्षांतल्या राइड लक्षात असल्या की पुरतं.

ट्रकवर लादलेला रूळ

पुढचा टप्पा मजेचा. रुळांचे तुकडे ट्रकवरून येऊन पार्किंगमध्ये ओळीने पडतात. आता कंपनीचं नाव लपवणं अशक्य, कारण प्रत्येक कंपनीच्या रुळाची ठेवण वेगळी. बोलिजर आणि मॅबिलार्ड या स्विस कंपनीच्या रुळाला चौकोनी पेटीसारखा पोकळ कणा असतो. इंटामिनच्या मोठ्या राइडचे रूळ अनेकदा नळ्यांची त्रिकोणी जाळी करून बनवलेले. आणि अमेरिकेतली रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन गोल नळ्या टाळून चपटे पोलादी रूळ लाकडी सांगाड्यावर बसवते.

या शेवटच्या कंपनीने एक गमतीची गोष्ट घडवली. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कने १९९१ चा 'मीन स्ट्रीक' हा लाकडी कोस्टर सप्टेंबर २०१६ मध्ये बंद केला. पुढे काय, यावर पार्क गप्प. पण सांगाडा पाडला जाईना, आणि त्यावर नवे चपटे रूळ चढताना लांबून दिसू लागले. पार्कने अधिकृत घोषणा केली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. 'स्टील व्हेंजन्स' हे नाव सोडलं, तर त्या घोषणेत नाद असलेल्यांना धक्का बसेल असं फारसं काही नव्हतं.

त्या चौकोनी कण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे आवाज. पोकळ पेटी गाडी जाताना घुमते. वस्ती जवळ असेल तर काही पार्क त्या कण्यात वाळू भरून घेतात. म्हणून अर्जातला आवाजाचा अहवाल हौशी लोक एवढ्या प्रेमाने वाचतात. कोणती कंपनी, कोणता रूळ, हे डेसिबलच्या तक्त्यांतही डोकावतं.

शेजाऱ्यांमुळे आणि नियमांमुळे राइड कशी घडते, याचं सर्वांत देखणं उदाहरण इंग्लंडच्याच ऑल्टन टॉवर्समध्ये आहे. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही डोकावू द्यायचं नाही, असं बंधन. १९९४ मध्ये 'नेमेसिस' बांधताना त्यांनी उलटी वाट धरली आणि खडक फोडून खड्डा खणला. राइड त्या खड्ड्यात, कपारींना घासून जाते, पाय लटकलेले. आज तिचं जे कौतुक होतं, त्यातलं निम्मं श्रेय परवानगी न देणाऱ्यांना द्यायला हवं. २०२४ मध्ये तिचे रूळ बदलून ती पुन्हा सुरू झाली, खड्डा तोच ठेवून.

मग अंदाज चुकतात कुठे?

छप्पर आलं की. त्याच ऑल्टन टॉवर्सने २०१० मध्ये 'थर्टीन' काढला. बाहेरचा भाग सगळ्यांना दिसत होता आणि तो तसा सौम्यच होता. खरी करामत एका बंद इमारतीत होती. गाडी अंधारात थांबते आणि पायाखालचा रूळच तिच्यासकट साधारण पाच मीटर खाली कोसळतो. बाहेरच्या पायांवरून हे ओळखणं कठीण. शिवाय पार्कने जाहिरात अशी केली होती, जणू आत जाणारा माणूस वेडा होऊनच बाहेर येईल. लोकांनी मनात जी राइड बांधली तिच्यापुढे खरी फिकी पडली, आणि बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. राइड वाईट नव्हती, आधीचा गाजावाजा अंगलट आला.

आणि तारखा. इथे तर सगळे तोंडघशी पडतात, पार्कवाले सुद्धा. फाल्कन्स फ्लाइट २०२३ मध्ये उघडेल असं २०१९ मध्ये सांगितलं गेलं होतं, उघडला २०२५ च्या शेवटच्या दिवशी. हायपेरिया २४ मे २०२४ ला सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात बंद ठेवावा लागला. स्टील व्हेंजन्समध्ये मे २०१८ मध्ये एक गाडी दुसरीवर हलकी आदळली, मग काही काळ एकाच गाडीवर भागवावं लागलं. रांगा अर्थातच लांबल्या.

असं का होतं, याचं उत्तर साधं आहे. रूळ उभा राहणं म्हणजे काम संपणं नव्हे. त्यानंतर पाण्याने भरलेले पुतळे बसवून शेकडो फेऱ्या काढायच्या, ब्रेक, सेन्सर, नियंत्रणाचा संगणक यांचं एकमेकांशी जमवायचं. यातलं काहीच कुंपणाबाहेरून दिसत नाही. नादिष्ट माणूस फोटोत शेवटचा रूळ बसलेला बघतो आणि 'दोन महिन्यांत चालू' म्हणतो. ज्यात खरा वेळ जातो ते त्याच्या फोटोत नसतंच.

'राइड सुरक्षित आहे का' हे तरी सांगू शकतील?

नाही. आणि कोणी सांगत असेल तर ऐकू नये.

कोस्टरची सुरक्षा 'ब्लॉक' या कल्पनेवर उभी असते. ही कल्पना सरळ रेल्वेकडून घेतलेली. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा नसेल, तर मागची गाडी ब्रेक लागून उभी राहते, सिग्नलला लोकल थांबते तशीच. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गाडी थांबवण्याची सोय लागते, म्हणून ब्रेकच्या जागा आराखड्यात ओळखता येतात. पाच ब्लॉक असतील तर जास्तीत जास्त चार गाड्या. तेवढ्यावरून तासाला किती माणसं बसतील आणि रांग किती रेंगाळेल, याचाही हिशोब मांडता येतो. इथपर्यंत हौशी लोक बरोबर.

पण २ जून २०१५ ला ऑल्टन टॉवर्सच्याच 'स्मायलर'वर जे झालं ते कुठल्याच आराखड्यात नव्हतं. स्मायलर म्हणजे १४ वेळा उलटं करणारा कोस्टर, हा जागतिक विक्रम. त्या दिवशी एक रिकामी गाडी मार्गात अडकली होती. यंत्रणेने मागच्या गाडीला बरोबर थांबवलं. पण मार्ग मोकळा आहे असं समजून तिथल्या माणसांनी तो रोध हाताने बाजूला सारला, आणि भरलेली गाडी रिकामीवर आदळली. १६ जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. रूळ शाबूत होते, संगणकाचंही चुकलं नव्हतं. माणसांना दिलेलं प्रशिक्षण, वाऱ्याच्या दिवशीचे नियम, कोणी कोणाला काय सांगायचं, या गोष्टी फोटोत येत नाहीत.

पार्कवाल्यांना हा चोंबडेपणा चालतो?

चालतो काय, हवाच असतो. कोट्यवधींची राइड बांधताना दोन वर्षं फुकट चर्चा होत असेल तर कोणाला नको? म्हणून पार्क स्वतःच कुंपणावर अर्धवट चिन्हं रंगवतात, कोडी टाकतात. कागदांतून उंची फुटणार हे त्यांना ठाऊक असतं. राखून ठेवायचं ते नाव, कथा, आणि छपराखालची एखादी करामत. बाकीचं हौशी मंडळींनी शोधावं, भांडावं, त्यात सगळ्यांचीच सोय.

आपल्याकडे हे डोळे वापरून बघायचे असतील तर खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये 'नायट्रो' आहे. तोही बोलिजर आणि मॅबिलार्डचाच, पायाखाली फळी नसलेला. रांगेत उभे असताना मोबाइल खिशात ठेवा आणि वर बघा. दोन रुळांच्या मध्ये खाली चौकोनी कणा दिसेल. पहिला मोठा उतार जिथे वर वळतो तिथले खांब आणि ब्रेकच्या सपाट भागाखालचे खांब यांची तुलना करा. गाडी डोक्यावरून गेली की कण्याचा घुमणारा आवाज ऐका. आणि उलट्या फेरीचा आकार नीट न्याहाळा, तो पूर्ण गोल नाही.